अस्सल फुटबॉल स्मरणवस्तूंचा संग्रह कसा करावा : मुंबईकर चाहत्यासाठी

फॅशन स्ट्रीटवर जर्सी चाळत उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला विक्रेता हमखास विचारतो की ‘फॅन व्हर्जन’ हवे की ‘प्लेयर व्हर्जन’. हे शब्द मुळात जर्सी बनवणाऱ्या कंपन्यांच्या व्यवहारातले आहेत आणि तिथे त्यांना निश्चित अर्थ आहे. पदपथावर मात्र त्यांचा अर्थ एवढाच उरतो की एक नक्कल साध्या कापडाची आहे आणि दुसरी अंगाला घट्ट बसणाऱ्या, जाळीदार कापडाची. ज्याला पुढील वीस-तीस वर्षे जपावा असा संग्रह उभा करायचा आहे, त्याने एखादी वस्तू अस्सल आहे असे म्हणताना आपण नेमके काय म्हणत आहोत, हे आधी स्वतःशी स्पष्ट केले पाहिजे. माझ्या मते अस्सलपणा म्हणजे वस्तूच्या हस्तांतराची अखंड साखळी होय. ती कोणी बनवली, कोणी वापरली, कोणाकडून कोणाकडे गेली आणि यांतील प्रत्येक टप्प्याला कोणता पुरावा आहे, हे जितके सांगता येईल तितकीच ती वस्तू खरी मानावी.

त्यानंतर संग्रहाचा विषय ठरवावा. ‘फुटबॉल’ हा विषय एका माणसाच्या आयुष्यात आणि मुंबईतल्या एका खोलीत मावणारा नाही. एखादा क्लब, एखादी स्पर्धा, एखादे दशक किंवा केवळ तिकिटे अशी मर्यादा घातली की त्या विषयातले बारकावे वर्ष-दोन वर्षांत डोळ्यांत भरू लागतात आणि फसवणुकीला जागा कमी राहते. नव्या संग्राहकाचा ओढा साहजिकच परदेशातील नामांकित खेळाडूच्या स्वाक्षरीच्या जर्सीकडे असतो. मी ती खरेदी सर्वांत शेवटी करण्यास सांगेन, कारण बनावट मालाचा सुळसुळाट तिथेच सर्वाधिक आहे आणि इथे बसून तपासता येईल असा पुरावा तिथेच सर्वांत कमी आहे. मुंबईकराने सुरुवात कूपरेजच्या, म्हणजे दक्षिण मुंबईतल्या जुन्या फुटबॉल मैदानाच्या, कागदांपासून करावी.

कूपरेजचे कागद

रोव्हर्स कप ही स्पर्धा १८९१ साली मुंबईत सुरू झाली आणि २०००-०१ च्या हंगामानंतर बंद पडली. आरंभीची कित्येक वर्षे तिच्यावर ब्रिटिश लष्करी पलटणींचेच वर्चस्व होते. १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्स हा रोव्हर्स कप जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरला, आणि १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलीस संघाने तो पटकावला. या स्पर्धेबरोबरच हार्वूड लीग आणि नाडकर्णी कप या मुंबईतल्याच स्पर्धांमुळे टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ओर्के मिल्स, एअर इंडिया, आरसीएफ, बॉम्बे पोर्ट ट्रस्ट आणि रेल्वे यांचे संघ दशकानुदशके या शहरात खेळले. या साऱ्याचा कागदी ऐवज, म्हणजे तिकिटे, सामन्याच्या पुस्तिका, पासेस, संघांची छायाचित्रे, कारखान्यांची गृहपत्रिका, निमंत्रणपत्रिका, प्रमाणपत्रे, अजूनही घराघरांत आणि रद्दीत पडून आहे. त्याची किंमत तुलनेने कमी आहे. त्याची पडताळणी लोकलच्या एका प्रवासात होऊ शकते. शिवाय त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नसल्यामुळे तो नष्ट होत आहे, ही बाब मला सर्वांत अधिक लागते.

असा कागद तपासताना आपल्याच राज्याचा आणि देशाचा इतिहास मोजपट्टीसारखा वापरता येतो. दर ‘नये पैसे’ असा छापलेले तिकीट १ एप्रिल १९५७ पूर्वीचे असूच शकत नाही, कारण दशमान नाणेपद्धती त्या दिवशी अमलात आली. ‘नये’ हा शब्द पुढे १९६४ मध्ये गळला. छापखान्याच्या किंवा क्लबच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा आहे. त्याआधी ‘बॉम्बे’ या नावापुढे केवळ विभागाचा एक-दोन आकडी क्रमांक येत असे. इंग्रजी मजकुरात शहराचे नाव ‘मुंबई’ असे अधिकृतपणे येऊ लागले ते १९९५ पासून, आणि ‘महाराष्ट्र राज्य’ हा उल्लेख १ मे १९६० च्या आधीच्या कागदावर असण्याचे कारण नाही. या खुणा एकाच दिशेने काम करतात, हे मात्र विसरू नये. विसंगत खूण सापडली तर कागद बनावट ठरतो. सर्व खुणा जुळल्या तरी तो खरा असल्याचे सिद्ध होत नाही, कारण जुन्या कागदावरून हुबेहूब प्रत काढणाऱ्याने त्या खुणाही जशाच्या तशा उचललेल्या असतात.

म्हणून पुढची तपासणी छपाईची करावी. झवेरी बाजारात जवाहिरे वापरतात तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे आणि अक्षरांच्या कडा पाहाव्यात. खिळे जुळवून केलेल्या जुन्या छपाईत अक्षर कागदात किंचित रुतलेले असते, शाई कडेला थोडी दाटलेली असते आणि कागदाच्या मागच्या बाजूने बोट फिरवले असता पुष्कळदा तो दाब जाणवतो. लेझर प्रिंटची काळी भुकटी कागदाच्या पृष्ठभागावर चकाकत बसलेली दिसते. रंगीत प्रतीत सरळ रेषेच्या जागी निरनिराळ्या रंगांचे बारीक ठिपके दिसतात. नोटा तपासण्यासाठी मिळणारी अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरीही उपयोगी आहे. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून वापरली जाणारी चकाकी आणणारी रसायने साधारण १९५० च्या सुमारास प्रचारात आली, त्यामुळे १९३७ चे म्हणून दाखवलेले तिकीट त्या प्रकाशात निळसर झगमगू लागले तर ते परत करावे.

शेवटी, त्या दिवशी तो सामना खरोखर झाला होता का, हे वर्तमानपत्रात पाहावे. एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आणि दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय या ठिकाणी जुनी नियतकालिके आहेत. पावसामुळे सामना पुढे ढकलला गेला असेल, तर तिकिटावरची तारीख आणि बातमीतली तारीख यांत फरक पडतो. असा फरक दिसला की घाईने निष्कर्ष काढू नये. त्याआधीच्या दिवशीची बातमीही वाचावी.

हे कागद शोधण्यासाठी चोर बाजारातील मटन स्ट्रीट, फोर्टातील पदपथांवरचे जुने पुस्तकविक्रेते आणि आपल्या वस्तीतला रद्दीवाला या तिघांशी दीर्घकाळ ओळख ठेवावी. मटन स्ट्रीटची दुकाने शुक्रवारी बंद असतात. रद्दीवाल्याला आपण काय शोधतो हे एकदा सांगून भागत नाही, नमुना दाखवून सांगावे लागते. ‘फुटबॉलचे जुने कागद’ म्हटले की त्याच्या डोळ्यांसमोर क्रीडा मासिकांची पोस्टर्स येतात. एक कायदेशीर बाबही ध्यानात असावी. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला, आणि ऐतिहासिक मोलाचा कागद असेल तर पंचाहत्तर वर्षांनंतरच, १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो, आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही.

जर्सी : चार पायऱ्या आणि त्यांचे पुरावे

जर्सीच्या चार पायऱ्या मानाव्यात. पहिली, ‘फॅन व्हर्जन’, क्लबच्या परवान्याने चाहत्यांसाठी बनवलेली आणि दुकानात मिळणारी. दुसरी, ‘प्लेयर व्हर्जन’, खेळाडूंच्या जर्सीसारख्याच कापडाची व बांधणीची, पण तीही दुकानातच विकली जाणारी. तिसरी, विशिष्ट सामन्यासाठी विशिष्ट खेळाडूकरिता तयार ठेवलेली, परंतु मैदानावर न उतरलेली. चौथी, प्रत्यक्ष सामन्यात अंगावर असलेली. पहिल्या दोन पायऱ्यांतील फरक कापडाच्या नावावरून कळतो. २०२० नंतरच्या काही हंगामांत आदिदासच्या चाहत्यांच्या जर्सीवर ‘एरोरेडी’ आणि खेळाडूंच्या प्रकारावर ‘हीट रेडी’ असे लिहिलेले असे, तर नायकेने २०२१ मध्ये खेळाडूंच्या प्रकाराला ‘ड्राय-फिट एडीव्ही’ असे नाव दिले. आतल्या शिवणीत बसवलेल्या छोट्या पट्टीवर उत्पादनाचा क्रमांक असतो. तो इंटरनेटवर टाकावा आणि नेमकी तीच जर्सी, तोच रंग व तोच हंगाम समोर येतो का ते पाहावे, कारण नक्कल करणारे पुष्कळदा एकच क्रमांक दहा वेगवेगळ्या क्लबांच्या जर्सींना लावतात.

जुन्या जर्सीसाठी स्पर्धांच्या नियमांचा कालक्रम पाठ असावा. विश्वचषकात पाठीवर क्रमांक आले ते १९५० मध्ये, प्रत्येक खेळाडूला संपूर्ण स्पर्धेसाठी ठरावीक क्रमांक १९५४ मध्ये मिळाला आणि पाठीवर नावे १९९४ मध्ये आली. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये नाव आणि कायम क्रमांक यांची सुरुवात १९९३-९४ च्या हंगामात झाली, आणि बाहीवर प्रायोजकाचे चिन्ह २०१७-१८ पासून दिसू लागले. या लीगच्या १९९२ च्या जर्सीवर खेळाडूचे नाव दिसले, तर ते नंतर कोणीतरी चिकटवलेले आहे.

चौथ्या पायरीच्या जर्सीचा खरा पुरावा म्हणजे छायाचित्राशी जुळणी होय. या पद्धतीचे सर्वांत शिकवणारे उदाहरण मॅराडोनाच्या जर्सीचे आहे. २२ जून १९८६ रोजी अझ्टेका स्टेडियमवर इंग्लंडविरुद्ध खेळताना अर्जेंटिनाच्या संघाने घातलेल्या निळ्या जर्सी मेक्सिको सिटीत ऐनवेळी विकत घेतलेल्या होत्या आणि त्यांच्यावर चंदेरी छटेचे, अमेरिकन फुटबॉलच्या धाटणीचे क्रमांक घाईघाईने बसवलेले होते. सामन्यानंतर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने मॅराडोनाशी जर्सीची अदलाबदल केली, पुढे ती सुमारे वीस वर्षे इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाकडे होती आणि मे २०२२ मध्ये सदबीजच्या लिलावात तिला सुमारे ७१ लाख पौंड मिळाले. लिलावापूर्वी मॅराडोनाच्या कुटुंबीयांनी ती पहिल्या अर्धातील जर्सी असल्याचा आक्षेप घेतला होता, आणि दोन्ही गोल दुसऱ्या अर्धात झालेले असल्यामुळे तो आक्षेप अतिशय गंभीर होता. लिलावगृहाने जर्सीवरचे चिन्ह, पट्टे आणि क्रमांक यांचे बारकावे त्या वेळच्या छायाचित्रांशी ताडून पाहून आपली बाजू मांडली. घाईत केलेल्या हातकामात दोन जर्सी तंतोतंत सारख्या होत नाहीत, आणि ओळख पटवण्यासाठी अशीच विसंगती लागते.

हीच पद्धत आपणही घरी वापरू शकतो. क्रमांकाची कड शिवणीपासून किती अंतरावर आहे, पट्टा शिवणीला कोठे मिळतो, छापील अक्षराला कोठे तडा गेला आहे, कापडाचा धागा कोठे ओढला गेला आहे, अशा किमान तीन-चार खुणा शोधाव्यात आणि सामन्याच्या उच्च दर्जाच्या छायाचित्रांत त्या दिसतात का ते पाहावे. केवळ मातीचा डाग पुरावा म्हणून धरू नये, कारण माती कोणालाही लावता येते. मोठ्या स्पर्धांत जर्सीच्या छातीवर सामन्याची तारीख व संघांची नावे छापलेली असतात. तीही दुकानात छापून मिळतात, त्यामुळे छपाईची जागा आणि अक्षरांचे वळण छायाचित्राशी ताडल्याशिवाय त्यांवर विसंबू नये. सामन्यात वापरलेली जर्सी घ्यायचीच असेल, तर क्लबनेच केलेला लिलाव हा सर्वांत सुरक्षित मार्ग होय. ब्रिटनमधील क्लब नोव्हेंबरमध्ये पॉपीचे फूल असलेल्या जर्सी माजी सैनिकांच्या मदतीसाठी लिलावात काढतात, आणि त्यांत साखळी खेळाडूपासून थेट आपल्यापर्यंत येते.

आपल्या शहरातही संधी आहेत. मुंबई सिटी एफसी हा क्लब २०१४ पासून खेळत आहे, २०२०-२१ मध्ये त्याने इंडियन सुपर लीगची साखळीत अव्वल ठरल्याबद्दलची ढाल आणि अंतिम सामन्याचा करंडक दोन्ही जिंकले, आणि एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. या क्लबच्या वस्तू आज, त्या ताज्या असताना आणि त्यांचे साक्षीदार भोवती असताना जमवाव्यात. ४ जून २०१८ रोजी अंधेरीत सुनील छेत्री आपला शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना केनियाविरुद्ध खेळला. रिकाम्या खुर्च्या पाहून त्याने प्रेक्षकांना हात जोडून बोलावले होते आणि पावसात स्टेडियम भरले होते. त्या रात्रीचे तिकीट, त्यासोबत आपण कोणाबरोबर व कोणत्या रांगेत बसलो होतो याची सही-तारखेची नोंद आणि मैदानातले स्वतः काढलेले एक छायाचित्र, एवढ्यानेच तपासण्याजोगी स्मरणवस्तू पूर्ण होते.

स्वाक्षरी

स्वाक्षरीविषयी माझे मत कठोर आहे. समोर उभे राहून घेतलेली स्वाक्षरी उत्तम. बाकी सर्व संशयास्पद मानून तपासावी. काही वर्षांपूर्वी मी एका विक्रेत्याकडून संपूर्ण संघाच्या स्वाक्षऱ्या असलेले छायाचित्र घेतले, त्यासोबत सोनेरी शिक्क्याचे प्रमाणपत्र होते. घरी भिंगाखाली पाहिले तेव्हा सर्व स्वाक्षऱ्या छायाचित्राबरोबरच छापलेल्या होत्या, शाईचा एकही थेंब कागदावर वरून पडलेला नव्हता. विक्रेत्याने स्वतःच छापलेले प्रमाणपत्र म्हणजे त्याचाच शब्द दुसऱ्यांदा सांगणे होय. पीएसए, जेएसए किंवा बेकेट यांसारख्या स्वतंत्र तपासणी संस्थांचा क्रमांक असेल, तर तो त्यांच्या संकेतस्थळावर टाकून तिथले छायाचित्र हातातल्या वस्तूशी जुळते का ते पाहावे, कारण खऱ्या क्रमांकाची खोटी चिठ्ठी चिकटवणेही अशक्य नाही.

हाताने केलेल्या स्वाक्षरीत वेग कमीजास्त होतो. वळणावर शाई दाटते, झटक्यात निसटताना रेघ बारीक होत जाते. यंत्राने काढलेल्या स्वाक्षरीत रेघेची जाडी सर्वत्र सारखी असते, आरंभ आणि शेवट बोथट असतात आणि अशा दोन स्वाक्षऱ्या एकमेकींवर ठेवल्या की तंतोतंत बसतात. खेळाडूची स्वाक्षरी कारकिर्दीत बदलते, म्हणून तुलना त्याच काळातील नमुन्यांशी करावी. स्वतः स्वाक्षरी घेताना कापडाखाली पुठ्ठा धरावा, कापड ताणून धरावे, शक्यतो क्रमांकाच्या गुळगुळीत भागावर घ्यावी आणि ती पुरती वाळेपर्यंत घडी घालू नये.

परदेशातून मागवताना

परदेशी विक्रेत्याकडून मागवताना जर्सीच्या आतल्या पट्ट्यांची, उलट्या बाजूच्या शिवणीची आणि त्याच दिवशीचे वर्तमानपत्र शेजारी ठेवून काढलेली छायाचित्रे मागावीत. खरेदीदाराला संरक्षण देणाऱ्या मार्गानेच पैसे द्यावेत. अनोळखी व्यक्तीला यूपीआयने पाठवलेली रक्कम परत मिळवणे फार अवघड असते. कुरिअरने आलेल्या पार्सलवर सीमाशुल्क लागते, त्याचे दर बदलत असतात, म्हणून मागणी नोंदवण्यापूर्वी चालू दर पाहून एकूण खर्च काढावा. ‘भेटवस्तू’ असे लिहून किंमत कमी दाखवण्याची सूचना विक्रेत्याने केली तर ती नाकारावी. ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय आपल्या साखळीतला बिल हा महत्त्वाचा पुरावा त्यामुळे कायमचा खोटा होतो.

मुंबईच्या हवेत जपणे

मुंबईच्या संग्राहकाचा खरा शत्रू जून ते सप्टेंबर हे चार महिने आहेत. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कापडावर व कागदावर बुरशी धरू लागते, आणि जुलैत आपल्या खोल्यांत ती सहज ८० च्या पुढे जाते. संग्रहाच्या कपाटात आर्द्रतामापक ठेवावा. तो काही शे रुपयांत मिळतो. हवाबंद झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालावे आणि त्याचा रंग बदलला की ते वाळवून पुन्हा वापरावे. डबा बंद करण्याचा योग्य काळ मात्र हिवाळ्यातला कोरडा दिवस होय, कारण पावसाळ्यात बंद केलेल्या डब्यात ओलावाच कोंडला जातो. ऑक्टोबरच्या उन्हात कपाट उघडून प्रत्येक वस्तू पाहावी, पण जर्सी थेट उन्हात टाकू नये.

सामन्यात वापरलेली जर्सी धुऊ नये, कारण चिखल, गवताचा डाग आणि घामाच्या खुणा छायाचित्राशी जुळवता येतात. तरीही घाम तसाच ठेवला तर मुंबईत बुरशी ठरलेलीच. यावर मी स्वीकारलेला उपाय असा की जर्सी मिळताच तिची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत, पंख्याखाली सावलीत दोन-तीन दिवस पूर्ण वाळवावी आणि मग आम्लरहित पातळ कागदात सैल गुंडाळून आडवी ठेवावी. घडी छापील क्रमांकावर येऊ देऊ नये, कारण जुने क्रमांक उष्णतेत चिकट होतात आणि एकमेकांना चिकटून निघताना फाटतात. डांबरगोळ्या कापडाला किंवा छपाईला लागू देऊ नयेत. बुटांचे पॉलियुरेथेनचे तळवे दमट हवेत आपोआप भुगा होत जातात; हे पूर्णपणे थांबवता येत नाही, म्हणून बुटांची खरेदी विचारपूर्वक करावी.

कागदांना लॅमिनेशन कधीही करू नये, ते परत निघत नाही. पीव्हीसीच्या मऊ पिशव्यांऐवजी पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटांत तिकिटे ठेवावीत. कसर आणि वाळवी यांच्यासाठी कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे असावे. फ्रेम करायची असेल तर फ्रेमवाल्याला तीन गोष्टी लिहूनच द्याव्यात: मागे प्लायवुडऐवजी आम्लरहित पुठ्ठा, गोंद व चिकटपट्टीऐवजी सैल टाके, आणि जर्सी व काच यांत बोटभर अंतर. जिला पावसाळ्यात ओल येते त्या भिंतीवर, किंवा खिडकीसमोर, फ्रेम टांगू नये. एखाद्या दुर्मीळ वस्तूला आधीच बुरशी लागली असेल, तर स्वतः पुसण्याऐवजी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. फोर्टातील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धनाचे स्वतंत्र केंद्र आहे.

जुन्या खेळाडूंची घरे

१९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले आणि त्यात तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा मुंबईच्या संघांतून खेळणारा होता. वांद्र्याच्या फुटबॉल मैदानाला आज त्याचे नाव आहे. त्याच्या पिढीतले आणि त्यानंतरच्या गिरण्या-कंपन्यांच्या संघांतले किती खेळाडू या शहराच्या चाळींत व सोसायट्यांत राहिले, त्यांची पदके आणि संघाची छायाचित्रे किती पेट्यांत आहेत, याची यादी कोठेही नाही. अशा घरी जाताना खरेदीदार म्हणून जाऊ नये. आधी फोन करावा, घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलावे, छायाचित्रातील प्रत्येक चेहऱ्याचे नाव त्यांच्याकडून लिहून घ्यावे आणि परवानगी असेल तर त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करावा. अनेकदा वस्तू घरातच राहावी आणि आपण केवळ चांगली स्कॅन प्रत घ्यावी, हेच योग्य असते. घरच्यांनी विकण्याची इच्छा स्वतःहून दाखवली, तर बाजारातला अंदाजे भाव त्यांना आधी सांगावा आणि व्यवहाराची दोन प्रतींत सही असलेली पावती करावी. वस्तू कोणाची, कोणत्या सामन्यातील, घरात कधीपासून आहे हे त्या पावतीवर त्यांच्याच शब्दांत यावे.

प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा आणि तो नोंदवहीत लिहावा. वस्तूवर मात्र शाईने काहीही लिहू नये, मऊ पेन्सिलीने कागदाच्या मागच्या कोपऱ्यात पुरे. नोंदीत कोणाकडून घेतली, कधी, किती रुपयांना, कोणत्या खुणा तपासल्या आणि कोणती शंका अजून शिल्लक आहे, हे सर्व यावे. शंकेचा रकाना रिकामा ठेवण्याचा मोह टाळावा. या वहीची एक प्रत घरातील दुसऱ्या एका माणसाकडे द्यावी आणि कोणता डबा कशाचा आहे हे त्याला एकदा समोर बसवून दाखवावे.